गाडी गरम होईपर्यंत

थंड इंजिन दिवसातून एकदाच ऐकायला मिळतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की पहिली चार-पाच मिनिटं काय ती आपली. त्यात जे कानावर पडेल ते पडेल. हुकलं तर उद्या सकाळपर्यंत गप्प बसायचं. कारण एकदा गरम झालं की इंजिन पाहुण्यांसमोर आणून बसवलेल्या मुलासारखं वागायला लागतं, जणू आयुष्यात कधी हट्ट केलाच नाही. म्हणूनच फक्त गरम होताना मिसिंग मारणारी गाडी आली की आम्हा मेकॅनिक लोकांची तोंडं वाकडी होतात. मिसिंग म्हणजे चार सिलिंडरांपैकी एकाची ठिणगी चुकते. तीन धावतात, चौथा ओढत नेला जातो, आणि सगळी गाडी पायात खडा गेल्यासारखी लंगडते.

पडदेवाली सोमवारी दुपारी आली. मोठमोठ्या खिडक्यांचे पडदे शिवते म्हणून भाऊजींनी ठेवलेलं हे नाव. बाहीवर चार टाचण्या कायम टोचलेल्या. भाऊजी म्हणजे माझा दीर. गॅरेज काढलं माझ्या नवऱ्याने, पण आठ वर्षांत त्याला एका जागी उभ्या असलेल्या गाड्यांचा कंटाळा आला आणि तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर गेला. आता घरी येतो तो कपडे धुवायला टाकायला. मागे राहिलो भाऊजी आणि मी. भाऊजी रीतसर शिकलेले. मी बघून बघून, उघडून उघडून, दोन-तीन इंजिनांचा जीव घेऊन.

पडदेवाली आमचं जुनं गिऱ्हाईक. गाडी तिच्या वडिलांच्या वेळची, कॉम्प्युटर वगैरे भानगड नसलेली. तिची आई नेहमी सोबत असायची. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, गुडघ्यांवर शाल घेऊन. काम तास-दोन तास चाललं तरी उतरायची नाही. ‘मी बसते गं इथेच, तुझं चालू दे,’ म्हणायची, आणि मी बॉनेटखाली वाकले की मागून सूचना सुरू. ‘लोखंड गार असतं, आधी हात शेकून घे.’ मी तिला मावशी म्हणायचे. सव्वा महिन्यापूर्वी मावशी गेल्या, एवढं मला कळलं होतं. कशा गेल्या ते कळलं नव्हतं.

“ताई, गाडी दुरुस्त नका करू,” पडदेवाली म्हणाली. “आधी फक्त दाखवा.”

“काय दाखवू?”

“ती बंद पडते ते.”

“कोणाला?”

“दादाला.” ती थांबली. “आणि मला.”

मग तिने सांगितलं. त्या दिवशी पहाटे मावशींच्या छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी यायला अर्धा तास लागेल म्हणाले, म्हणून हिने आईला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी चढ आहे. गाडी चढावर आचके देऊन बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा बंद. तीनदा. शेवटी ही गाडी चालू ठेवून खालीच थांबली, गरम होईपर्यंत. चार मिनिटं, कदाचित पाच. मग गाडी सरळ चढली, दवाखान्यात पोचली, आणि डॉक्टर म्हणाले, ‘पाच मिनिटं आधी आला असतात तर.’

“डॉक्टरांना काय, सवय असते तसं बोलायची,” भाऊजी म्हणाले.

“समोरच्या बाईंनी खिडकीतून बघितलं,” ती म्हणाली. “दादा बोटीवरून आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, की गाडी चालू होती आणि मी नुसती बसून होते. आणि त्याच्या आधी दोन आठवडे मीच फोनवर दादाला म्हटलं होतं, मी थकले रे, आता आईची सुटका होऊ दे. नऊ वर्षं आईचं केलं, त्यात एकदा म्हटलं, ताई. एकदाच.”

मी हातातलं फडकं दुसऱ्या हातात घेतलं. अशा वेळी हाताला काहीतरी काम द्यावं लागतं.

“मग त्याने गाडी बघितली असेल की,” मी म्हटलं.

“बघितली ना. दोन दिवस सकाळी स्वतः चालू केली. लोण्यासारखी चालली. ओळखीचं गॅरेज नको म्हणाला, म्हणून दोन दुसऱ्या गॅरेजात नेली. त्यांनी सांगितलं, काही दोष नाही. आई जायच्या आधी आठवडाभर ती रोज सकाळी खोकत होती, ताई. आई गेली त्या दिवसानंतर एकदाही नाही.” तिने बाहीवरची टाचणी काढली, पुन्हा तिथेच टोचली. “आता मलाच वाटायला लागलंय. खरंच बंद पडत होती का? की मीच…”

भाऊजी उगाचच पान्यांची पेटी लावत बसले.

“दादा शुक्रवारी दुपारी निघतो, दहा महिन्यांसाठी,” ती म्हणाली. “शुक्रवारी सकाळी एकदा यायला तयार झालाय. शेवटचं, म्हणाला.”

“प्लग तर आपण नवेच टाकले होते,” मी म्हटलं. “तुमचं ते सगळं व्हायच्या आठवडाभर आधी. त्यामुळे प्लगचा प्रश्न नाही, मी स्वतः बसवलेत. दुसरं काहीतरी असेल. राहू दे गाडी इथे.”

किती ठसक्यात म्हटलं मी ते.

मंगळवारी सकाळी सात वाजता पडदेवाली हजर. थंडी कडक होती, शटरची मूठ हाताला झोंबत होती. मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि शिवणयंत्रासारखं एका लयीत चालत राहिलं. एक मिनिट, दोन, पाच, आठ. ती फाटकाशी उभी राहून ऐकत होती. सुईत दोरा ओवताना डोळे बारीक होतात, तसे तिचे झाले होते. आठ मिनिटांनी ती गेली.

“वहिनी, गाडी निरोगी आहे,” भाऊजी म्हणाले. “रोग दुसरीकडे आहे.”

“तुम्हाला काय म्हणायचंय?”

“मला काही म्हणायचं नाही. मी आपला चहा ठेवतो.”

बुधवारी मी बंदूक काढली. बंदूक म्हणजे तापमापक; घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि समोरच्या वस्तूचं तापमान आकड्यात दिसतं. प्रत्येक सिलिंडरमधून धूर बाहेर नेणारा एकेक पाइप असतो. ज्याची ठिणगी चुकते त्याचा पाइप गार राहतो, बाकीचे तापतात. म्हणजे आजारी कोण ते विचारावं लागत नाही. मात्र चालू करण्याआधी चारही पाइप सारखे थंड आहेत ना, एवढं बघून घ्यायचं.

पहिला पाइप, अकरा. दुसरा, अकरा. तिसरा, सदतीस. चौथा, अकरा.

मी बंदूक झटकली, फडक्याने भिंग पुसलं. पुन्हा लावली. तिसरा, सदतीस.

“भाऊजी, गाडी कोणी चालू केली होती का?”

“किल्ली तुमच्या पर्समध्ये. मी काय फुंकर घालून चालू करू?”

“मग हा एकच पाइप गरम कसा?”

त्यांनी येऊन बघितलं. डोकं खाजवलं. “मांजर बसलं असेल रात्री. इंजिनावर बसतातच.”

“एकाच पाइपवर?”

“बारीक असेल.”

हसले मीही. पण इंजिन चालू झालं तर सगळे पाइप तापतात, एक नाही. आणि अकरा अंशांच्या सकाळी मांजराची ऊब ते उठल्यावर पाच मिनिटं टिकत नाही. पडदेवाली फाटकातून आत येताना दिसली तशी मी बंदूक खिशात टाकली. का, ते सांगता येत नाही. इंजिन लावलं. शिवणयंत्र. तिचा चेहरा कालच्यापेक्षा लहान झाला होता.

संध्याकाळी मी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि बॅटरीच उचलून कपाटात ठेवली. भाऊजींनी बॉनेटवर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी दोरीने आवळली. “आता मांजर सोडा, डासही जाणार नाही,” म्हणाले. शटरला कुलूप मी लावलं.

गुरुवारी गाठी तशाच होत्या. भाऊजी गाठ मारतात ती दुसऱ्याला सुटत नाही. त्यांनाच सोडवायला पाच मिनिटं लागली. बॉनेट उघडलं. दहा, दहा, सदतीस, दहा.

भाऊजींनी विनोद केला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी हातमोजा काढून तिसऱ्या पाइपवर तळवा ठेवला. तापलेल्या इंजिनाला वास असतो, तेलाचा, जळक्या धुळीचा. ह्याला काहीच वास नव्हता. आणि उघडं लोखंड त्या थंडीत माझ्या हाताखाली गार पडायला हवं होतं. मी हात ठेवून उभी राहिले, दोन-तीन मिनिटं तरी. ते गार पडलं नाही. उलट माझीच बोटं सैल झाली, सांध्यांतली कळ गेली. कोणी दोन्ही हातांत माझा हात धरून ठेवावा, तसं.

मी हात काढून घेतला आणि पाठीमागे पुसला. कशाला पुसला कोण जाणे.

“भाऊजी, तिसराच का?”

“मला काय विचारता?”

पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते बघत नाहीत म्हणजे त्यांना उत्तर माहीत असतं. मलाही त्याच क्षणी माहीत झालं.

ह्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या प्लगवर एक लोखंडी पट्टी आडवी येते. भाऊजी दोन बोल्ट सोडवून ती बाजूला करतात, मग पाना सरळ आत जातो. मी पट्टी काढत नाही. पान्याला मधेच वळणारा जोड लावून तो तिरपा आत सारते. सात मिनिटं वाचतात. ही युक्ती मला कोणी शिकवलेली नाही, माझी मीच काढलेली. भाऊजींना तीनदा कौतुकाने दाखवली होती. तिन्ही वेळा ते ‘वा, छान’ म्हणाले आणि त्यांनी आपली पट्टी काढली.

पाना तिरपा असताना जोर लागला की प्लगवरच्या पांढऱ्या चिनीमातीला केसाएवढी चीर जाते. वरून बघून कळत नाही. थंडीत त्या चिरेत ओल धरते, मग ठिणगी टोकाशी न पडता चिरेतून निसटते. इंजिन तापून चीर सुकली की सगळं ठीक. चार मिनिटं लागतात सुकायला. कदाचित पाच.

आणि तो प्लग रात्रभर कोणी उबेत धरून ठेवला, तर गाडी सकाळी खोकणारच नाही.

“वहिनी,” भाऊजी हळूच म्हणाले, “नवा प्लग टाका आणि गाडी देऊन टाका. कोणाला काही कळायचं नाही. गेलेलं माणूस परत येणार आहे का?”

“ते मला विचारू नका,” मी म्हटलं. “आज तरी नको.”

पडदेवाली आली तेव्हा मी इंजिन लावलंच नाही. बॅटरी काढल्याचं दाखवलं. स्टुलावर बसवून तिला चहा दिला.

“एक सांगशील? त्या दिवशी चढाखाली थांबली होतीस तेव्हा मावशी काही बोलल्या का?”

तिने कप दोन्ही हातांत धरला. “तेच तेच बोलत होती. मी रडत होते, स्टिअरिंगवर हात आपटत होते. आणि ती मागून म्हणत होती, ‘होईल गं गरम. घाबरू नकोस. मी करते गरम.’ भ्रम झाला असेल. मग गाडी एकदम नीट झाली. मला वाटलं, सुटलो.” तिने कप खाली ठेवला. “दवाखान्याच्या दारात मागे वळून बघितलं तेव्हा तिने हात पुढे धरलेले होते. असे, शेकोटीसमोर धरतात ना, तसे.”

मी उठून उगाचच शटर थोडं वर केलं. उजेड हवा होता.

ती गेल्यावर दिवसभर मी दुसऱ्या गाड्या केल्या. एका टेंपोचा क्लच, एका म्हाताऱ्या सायकलवाल्याचं फुकटचं वंगणपाणी. हात चालत होते, डोकं एकाच जागी. सकाळी काय होणार ते मला दिसत होतं. भाऊ येईल, किल्ली फिरवेल, गाडी लोण्यासारखी चालेल. तो घड्याळ बघेल, बॅग उचलेल, दहा महिन्यांसाठी जाईल, आणि ही बाई उरलेला जन्म स्वतःला विचारत बसेल की चालू गाडीत मी का बसून राहिले. आणि मी? मी सुटेन. मावशी पोरीची वाट मोकळी करायला जिवाचा आटापिटा करत होत्या, आणि त्यात नेमकी माझी चूक झाकली जात होती. मला फक्त गप्प राहायचं होतं. एवढं सोपं काम मला आजवर कोणी दिलेलं नाही.

दिवस मावळायच्या सुमारास भाऊजी हात धुवायला मागे गेले तेव्हा मी त्या गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरच्या सीटवर. काच वर केली. रिकाम्या सीटशी बोलायचं तर निदान दिराला ऐकू जायला नको.

“मावशी,” मी म्हटलं, आणि स्वतःचा आवाज ऐकून गप्प झाले. आरशात बघायचं नाही असं ठरवून डोळे वायपरवर लावले.

“मावशी, तुमची मुलगी चांगली आहे. तिला उशीर झाला तो माझ्यामुळे. तुम्ही रोज तिची गाडी गरम करता, आणि तिचा भाऊ तिला खोटी म्हणतो. तुमच्या उबेमुळे तिला कोणी खरं मानत नाही. उद्या एक दिवस तिला खोकू द्या. गाडीला. एकच दिवस थंड राहू द्या. मग मी सगळं सांगते, माझं पण. शपथ.”

काहीच झालं नाही. मला माझी लाज वाटली. बावन्न वर्षांची बाई, हातात पाना, आणि सीटच्या विनवण्या करतेय. मी दार उघडायला हात पुढे केला.

तेवढ्यात बॉनेटखालून आवाज आला. टिक. मग थांबून, टिक. तापलेलं इंजिन बंद केल्यावर लोखंड आक्रसतं तेव्हा येतो तो आवाज. मी तो दिवसात वीसदा ऐकते. पण हे इंजिन कालपासून चालू झालं नव्हतं. बॅटरी कपाटात होती. टिक, टिक, हळूहळू दोन आवाजांतलं अंतर वाढत गेलं, आणि मग गाडीत इतकी थंडी उतरली की माझा श्वास काचेवर दिसायला लागला.

मी बाहेर आले ती थेट नळावर गेले. भाऊजी तिथेच होते, हात केव्हाचे धुऊन झाले होते.

“कोणाशी बोलत होतात?”

“गिऱ्हाइकाशी.”

ते ‘बरं’ म्हणाले. शटर त्या दिवशी त्यांनी ओढलं.

शुक्रवारी भाऊ सात वाजताच आला, बॅग घेऊनच. उंच, नीट दाढी केलेला, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा अवघडलेला. बहिणीपासून चार पावलं लांब उभा राहिला. मी बॅटरी जोडली आणि चारही पाइपांवर त्याच्यासमोर बंदूक धरली. नऊ, नऊ, नऊ, नऊ. मी बंदूक खिशात टाकली. भाऊजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते आजही मला सांगता येणार नाही.

“तुम्ही बसा,” मी भावाला म्हटलं. “आणि लागल्याबरोबर बाहेर काढा. आमच्या दाराशी पण चढ आहे.”

“मी दोनदा बघितलंय हे.”

“तिसऱ्यांदा बघा. बोटीला वेळ आहे.”

तो बसला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, आणि दुसऱ्याच श्वासाला खोकलं. सगळी गाडी एका बाजूला हिसकली. ठक, ठक, रिकामा ठोका, ठक. रिकामी जागा बरोबर तिसऱ्याची. पडदेवालीच्या तोंडून काहीतरी आवाज आला आणि तिने तोंडावर हात दाबला.

भावाने गिअर टाकला. गाडी चढापर्यंत लंगडत गेली, पुढची चाकं चढावर आली आणि बंद पडली. मागे घसरली. त्याने ब्रेक दाबला, पुन्हा लावली. पुन्हा चढ, पुन्हा बंद.

“क्लच नीट सोडा की,” भाऊजी म्हणाले.

“मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय!”

“ती वीस वर्षं चालवतेय,” भाऊजी म्हणाले.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. मग त्याने ती पुन्हा लावली आणि चढाखालीच थांबला. दुसरं करणार काय? इंजिन खोकत राहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट. चालू गाडीत बसून एक मिनिट मोजून बघा कधी. दोन. त्याने एकदा आरशात बघितलं आणि नजर पटकन खाली घेतली. काय दिसलं मी विचारलं नाही. तीन. पडदेवाली त्याच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती. चार मिनिटं आणि दहा सेकंदांनी रिकामा ठोका भरला, आणि गाडी अशी शांत झाली की बाहेरच्या रस्त्यावरचे पाय ऐकू आले.

तो तसाच बसून होता. हात स्टिअरिंगवर, दहा आणि दोनच्या जागी, शिकाऊ माणसासारखे.

“एवढा वेळ?” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “एवढाच.”

मी इंजिन बंद केलं, हातमोजा घालून तिसरा प्लग काढला आणि भिंग लावून उजेडात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर काळी रेघ, पापणीच्या केसासारखी. भावाने भिंग घेतलं. बराच वेळ बघत होता.

“ही कशाने पडते?”

“कधी कधी कारखान्यातूनच…” भाऊजींनी सुरुवात केली.

“भाऊजी, नको,” मी म्हटलं. “ही माझ्या हातून पडली. इथे ही पट्टी आहे. ती काढून प्लग बसवायचा असतो. मी काढली नाही. मी पाना तिरपा घातला.”

“का?”

“सात मिनिटं वाचतात.”

त्याचा चेहरा बदलला. इतके दिवस ज्याचं ओझं बहिणीवर टाकलं होतं ते आता उचलून माझ्यावर टाकावं, असं त्याला वाटत असणार. टाकलंही असतं, आणि मी ते घेतलं असतं. पण पडदेवालीने त्याच्या हातातून प्लग काढून घेतला.

“आधी माझ्याशी बोल,” ती त्याला म्हणाली.

“काय बोलू?”

“सव्वा महिना जे बोललास त्याच्या उलट. मोठ्याने. ह्यांच्यासमोर.”

त्याने आमच्याकडे बघितलं. भाऊजी आत जायला निघाले. तिने त्यांना हातानेच थांबवलं.

“तू बसून नव्हतीस राहिलेली,” तो म्हणाला. आवाज बसला होता. “गाडी बंद पडत होती. तू काही… तू आणलंस तिला. चुकलो मी, बाई.”

“पुन्हा म्हण.”

त्याने पुन्हा म्हटलं. ती रडली नाही. डोळे मिटून, शिवण तपासताना कापडावरून बोट फिरवतात तसं तिने त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग डोळे उघडून माझ्याकडे वळली.

“ताई, तुम्ही हा सव्वा महिना झोपत होतात?”

“हो. गाढ.”

“मी नाही झोपले.”

मी दोन बोल्ट सोडवले, पट्टी बाजूला केली, नवा प्लग हाताने फिरवत नेला आणि मग सरळ पान्याने आवळला. ती माझ्या खांद्याशी उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातांकडे बघत होती. कोणी इतकं लक्ष देऊन माझं काम कधी बघितलं नव्हतं. झालं तेव्हा तिने मान हलवली. क्षमा नव्हती ती. काम नीट झालं, एवढंच.

“मी सोडते तुला बंदरापर्यंत,” ती भावाला म्हणाली.

त्याने बॅग उचलली, ड्रायव्हरच्या मागचं दार उघडलं आणि बॅग सीटवर टाकणार, एवढ्यात ती म्हणाली, “दादा, तिथे नको.”

तो त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिला. मग त्याने तिच्याकडे बघितलं. का, म्हणून विचारलं नाही त्याने. दार हलक्या हाताने लावलं, आत बसलेल्याला धक्का लागू नये म्हणून लावतात तसं, आणि पुढे जाऊन एवढी मोठी बॅग मांडीवर घेऊन बसला.